अत्तार सरांचा संशय

बातमी आली ती इंग्रजीत आली, आणि चुकीच्या इंग्रजीत आली. सकाळी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालून मी खाली आले, तर निवृत्त इंग्रजी शिक्षकांच्या आमच्या ग्रुपवर इम्रानचा, म्हणजे अत्तार सरांच्या भाचजावयाचा, एका ओळीचा मेसेज पडला होता. 'अत्तार सर पास्ड आउट धिस मॉर्निंग.' मी तो पुन्हा वाचला. पास्ड आउट म्हणजे शुद्ध हरपली, चक्कर येऊन पडले. माणूस गेला तर पास्ड अवे. सरांना मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, त्यामुळे चक्कर येणं काही अशक्य नव्हतं. पण लिहिणारा इम्रान होता, आणि इम्रानचं इंग्रजी मला चांगलंच माहीत होतं... ग्रुपवरही गोंधळ उडालेला. एकाने 'लवकर बरे व्हा' म्हणून फुलांचं चित्र टाकलं, दुसऱ्याने नुसते जोडलेले हात. नव्यानेच ग्रुपमध्ये आलेल्या एका सदस्याने तर अभिनंदन केलं. त्याला वाटलं, सर या वयात कुठली तरी परीक्षा पास झाले. इम्रानचा फोन लागेना. त्याची बायको नसरीन, सरांची भाची, तिचा फोन वाजून वाजून बंद पडायचा. दवाखान्यात धावपळ चालू असली तरी फोन उचलत नाहीत, आणि दुसरं काही झालं असलं तरी उचलत नाहीत.

'मॅडम, जे लिहिलंय ते वाचा. लिहिणाऱ्याला काय म्हणायचं असेल ते वाचू नका,' असं सर मला वर्षानुवर्षं सांगत आले. त्या दिवशी मी त्यांचं ऐकलं. लिहिलं होतं ते वाचलं, नांदेडच्या बसस्टँडवर मोसंबी घेतली आणि लातूरच्या गाडीत बसले. लोह्यापर्यंत माझा शब्दावर भरवसा होता. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा तो डळमळला होता, आणि पिशवीतली मोसंबी मला उगीच जड वाटायला लागली होती. लातूरला रिक्षा गल्लीत शिरली, तेव्हा तोंडाशीच चपलांचा ढीग दिसला. दवाखान्यात असलेल्या माणसाच्या घरापुढं इतक्या चपला नसतात. इम्रान गर्दीतून पुढं आला. डोळे सुजलेले, डोक्याला रुमाल बांधलेला. त्याने माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं आणि त्याला काही उमगेना. "मॅडम, मी लिवलं होतं ना?" तो म्हणाला. "लिहिलं होतंस," मी म्हणाले. 

आत बायकांच्या खोलीत नसरीनजवळ बसले. न्यायच्या आधी चेहरा बघायला मिळाला. मला वाटलं होतं, शांत दिसतील. मेलेली माणसं शांत दिसतात असं सगळे लिहितात. सरांच्या कपाळावर मात्र भुवयांच्या मधोमध ती उभी आठी तशीच होती. समोर कुणीतरी काहीतरी चुकीचं बोललंय आणि ते कोण, हे अजून शोधायचं राहिलंय, अशी.

मुनीर अत्तार हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते लातूरच्या पेपर तपासणीत. माझी नोकरी नवीन होती. ते उदगीरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि आमच्या टेबलांवर मॉडरेटर होते, म्हणजे आम्ही तपासलेल्यातले थोडे पेपर पुन्हा बघणारे. मी तपासलेला गठ्ठा दुसऱ्या दिवशी परत आला, आणि त्यातली एकूणएक उत्तरपत्रिका हिरव्या शाईने पुन्हा तपासलेली. शेजारच्या टेबलांवर कुणाचा गठ्ठा परत आलेला दिसेना. मी निलंग्याची. वडील पंचायत समितीत शिपाई. माझं आडनाव कागदावर वाचलं की समोरचा माणूस मनात काय हिशेब करतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तसला संशय आमच्या घरांमध्ये जन्मासोबतच मिळतो आणि पुष्कळदा तो खराही निघतो. मी उठून सरळ त्यांच्या टेबलापाशी गेले.

"सर, बाकीच्यांचे गठ्ठे तसेच पुढं गेले. माझाच का परत आला?"

त्यांनी चष्मा काढला. उंच, सडपातळ, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाचं बटणसुद्धा लावलेलं. "एका मुलाने 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' उलटे लिहिलेत. तुम्ही पूर्ण मार्क दिलेत."

"एका मार्काचा प्रश्न आहे तो."

"म्हणून तर पुढचे सगळे बघितले. एवढं दिसलं नाही म्हणजे आणखी काय काय दिसलं नसेल?"

"आणि बाकीच्यांचे?"

"त्यांचे काल बघून परतही दिले. मी सगळ्यांवरच संशय घेतो मॅडम. त्यात मी भेदभाव करत नाही."

माझा विश्वास बसला नाही. चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी इतरांचे गठ्ठे सोडून बघायला लागले. खरोखरच प्रत्येकात तीच हिरवी शाई होती. एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या गठ्ठ्यात तर माझ्याहून जास्त. गठ्ठा बांधून मागं वळले, तर सर दारात चहाचा कप घेऊन उभे. मला कानकोंडं झालं. ते मात्र खूश दिसले. "तपासलं? बरं केलं," म्हणाले. "नाहीतर घरी जाऊन मला शिव्या देत बसला असता." आमची मैत्री इथून सुरू झाली. ती विश्वासावर उभी होती असं मी म्हणणार नाही. आम्ही दोघं एकमेकांना तपासत राहिलो आणि त्यातच वर्षं गेली.

इंग्रजीतले एकसारखे दिसणारे, एकसारखे ऐकू येणारे शब्द कुणी एकमेकांच्या जागी वापरले की सरांच्या अंगाची लाही व्हायची. पुढं ते उदगीर सोडून लातूरला राहायला आले, आणि लातूर तर त्यांच्यासाठी जाच होता. चौकाचौकात शिकवणीवर्गांचे फलक. एकावर लिहिलेलं, 'वुई इन्शुअर युवर सक्सेस'. सर फलकाखाली थांबले. "बघा, ह्यांनी यशाचा विमा उतरवलाय. खात्री देणारा शब्द ई वरनं सुरू होतो, हा आय वरनं. म्हणजे पोरगं नापास झालं तर भरपाई मिळणार." वह्या-पेनांच्या दुकानांवर 'स्टेशनरी' लिहिताना ई च्या जागी ए घातलेला दिसला की म्हणायचे, "हे दुकान हलत नाही असं लिहिलंय. खरंच असेल, गिऱ्हाईक तर दिसत नाही." नांदेडला माझ्या पुतणीच्या लग्नात गोडाच्या टेबलावर पाटी होती, तिच्यात एक एस कमी पडला होता आणि 'डेझर्ट'चं वाळवंट झालं होतं. सरांनी केटररला बोलावून गंभीरपणे विचारलं, "उंट कुठं बांधलेत?" तो बिचारा मॅनेजरला विचारून येतो म्हणाला.

लोक हसायचे. पाठीमागं त्यांना खडूस म्हणायचे. हसण्यासारखं होतंच, पण मला त्यात वेगळंच काहीतरी दिसायचं. चूक सापडल्यावर ते हसत नसत. दुकानदाराकडं, केटररकडं असे बघत राहायचे की जणू त्याने हे जाणूनबुजून केलंय आणि त्याच्यामागं आणखी काहीतरी लपवलंय. एवढासा राग इतका खोल कसा, याचा मला संशय यायचा. एकदा उदगीरच्या रेल्वे स्टेशनवर गाडीला उशीर होता, बाकावर आम्ही दोघंच. मी विचारून टाकलं. ते त्यांच्या बायकोबद्दल बोलले. त्याआधी कधी बोलले नव्हते, नंतरही नाही.

त्यांच्या बायकोला तरुणपणीच साखरेचा आजार जडला होता. एकदा घरात कोसळली म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हायपो आहे, म्हणजे साखर खाली गेली आहे. दुपारी नर्सेसची पाळी बदलली. जाणारी नर्स येणारीला भराभर रुग्णांची माहिती देत होती आणि सर व्हरांड्यात उभे राहून ऐकत होते. त्यांच्या बायकोच्या पलंगापाशी ती म्हणाली, "हायपर." "मी ऐकलं," सर म्हणाले. "जेमतेम एक-दोन अक्षरांचा फरक. एक वर, एक खाली. वर्गात मी उभ्या उभ्या दुरुस्त केलं असतं. पण तिथं वाटलं, ही दवाखान्याची माणसं, त्यांना कळत नाही का? आपण काय, इंग्रजीचे मास्तर. त्यांचं इंग्रजी काढायला बसलो तर हसतील... गप्प बसलो." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. डॉक्टरांनी समजावलं, हृदय बंद पडलं, औषधं सगळी बरोबर दिली होती. "खरं असेल," सर म्हणाले. "बाई नुसती बोलताना चुकली असेल आणि इंजेक्शन बरोबरच दिलं असेल. मला आजपर्यंत माहीत नाही. पण मॅडम, तेव्हापासून कुणाचा एक शब्द दुसऱ्याच्या जागी पडला की मला बसवत नाही."

गाडी आली. त्यांनी माझी पिशवी चढवून दिली. विषय संपला.

मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. बहीण वारल्यावर तिची मुलगी नसरीन त्यांच्याकडंच वाढली. मामूच्या शिस्तीत वाढूनही ती खुल्या मनाची निघाली. तिने प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचा कोर्स केला आणि लातूरलाच एका पॅथॉलॉजीत कामाला लागली. तिथेच एकदा औशाहून इम्रान त्याच्या आईचं रक्त तपासायला आला, मग रिपोर्ट घ्यायला आला, मग रिपोर्ट समजून घ्यायला आला... नसरीननेच मामूंना सांगितलं. मुलगा बागवान घरचा, वडिलांचा फळांचा धंदा, आणि त्याने स्वतः औशाजवळ लहान मुलांची इंग्रजी शाळा काढलेली. सर म्हणाले, भेटू. इम्रान आला, अदबीने बसला आणि निघताना त्याने सरांच्या हातात आपलं कार्ड दिलं.

त्याच दिवशी दुपारी मला नांदेडला फोन. सरांचा. "मॅडम, ह्या माणसाने कार्डावर स्वतःला तत्त्व म्हणून छापलंय." मला कळेना. "प्रिन्सिपल! मुख्याध्यापकाचा शब्द पी-ए-एल असा संपतो, ह्याने पी-एल-ई लिहिलंय. तत्त्व! स्वतःच्या हुद्द्याचं स्पेलिंग येत नाही त्याला. हा मुख्याध्यापक नाहीच. शाळाच नसेल. तुम्ही जाऊन बघून या."

"मी? नांदेडहून औशाला?"

"तुम्हाला तिथं कोणी ओळखत नाही. आणि तुमचा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. मला तसंच माणूस पाहिजे."

गेले मी. नातवासाठी शाळा बघायला आलेली आजी म्हणून गेले. नातू तेव्हा जन्मलाही नव्हता. किल्ल्याच्या बाजूने पुढं गेल्यावर शाळा होती. भाड्याच्या घरात, तीन खोल्या, अंगणात लिंबाचं झाड. दाराशी फलक आणि फलकावर तेच, पी-एल-ई. आत एक बाई मुलांना स्वच्छ उच्चारात कविता शिकवत होत्या. इम्रान अंगणात एका चिमुरडीच्या बुटाची नाडी बांधत बसला होता. मी प्रवेशाचं विचारलं, तर त्याने पहिल्यांदा नातवाचं नाव विचारलं, मग तो कशाला भितो ते. "कशाला भितो म्हंजे मॅडम, कोण अंधाराला भितं, कोण आवाजाला. ते आधी ठाऊक असलं की पोरगं रडत न्हाई." मी सरांना फोनवर सगळं सांगितलं. शाळा आहे, मुलं आहेत, माणूस बरा वाटला.

"वाटला," सर म्हणाले. "एवढं गोड बोलतो म्हणजे काहीतरी असणार."

मग त्यांनी इम्रानला पुन्हा बोलावलं, आणि मलाही. इम्रानने मला ओळखलं आणि नातवाची चौकशी केली. बैठकीत चहा झाला. सरांनी कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढं सरकवलं. "मी सांगतो ते लिहा." आम्हाला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांनी खरोखरच डिक्टेशन द्यायला सुरुवात केली. वाक्यं अशी निवडलेली की प्रत्येकात इंग्रजीतल्या एकसारख्या ऐकू येणाऱ्या शब्दांचा एक खड्डा. हरवणं आणि सैल असणं, सल्ला आणि सल्ला देणं, शांतता आणि तुकडा. लग्नाचं विचारायला आलेला मुलगा खाली मान घालून लिहीत होता आणि त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मला ते बघवेना. नसरीन आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मधेच इम्रानने पेन खाली ठेवलं.

"सर, मला इंग्रजी येत न्हाई," तो म्हणाला. "शिकवायला मी मॅडम ठेवल्यात, त्यांना येतं. माझ्या गावातल्या पोरांना लातूरला यावं लागू नये म्हणून मी शाळा चालवतो. कार्ड चुकलं आसल. पण मी तुमच्याशी काही खोटं बोललो न्हाई."

सरांनी कागद ओढून घेतला आणि लाल खुणा करायला लागले. नसरीन पुढं आली. तिने कागद त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला. "मामू," ती म्हणाली, "तुम इन्को फेल करो. शादी मेरे कू करनी है."

सर हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. हातातल्या लाल पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "कर." लग्न झालं. त्यांच्या मनातला संशय मात्र गेला नाही. इम्रान वागायला चांगला, तर म्हणायचे अजून दिवस आहेत. सरांना एकट्याला ठेवायचं नाही म्हणून तो औसा सोडून त्यांच्या घरी राहायला आला आणि रोज शाळेला ये-जा करायला लागला, तर मला फोनवर हळूच म्हणाले, "घरावर डोळा असेल का हो?" मी म्हणाले, "सर, तुम्हाला तसं वाटतं का?" त्यावर म्हणाले, "वाटत नाही. पण न वाटणं म्हणजे पुरावा नव्हे."

अलीकडच्या काळात एक गंमत झाली. लोकांच्या चुका व्हायच्या थांबल्या. ईदला, शिक्षकदिनाला जुन्या विद्यार्थ्यांचे मेसेज यायचे ते अगदी बिनचूक. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. फोनच लिहून द्यायला लागला होता. मला वाटलं, सर आता तरी निवांत होतील. झालं उलटंच. "हा पोरगा तीन वर्षं माझ्या वर्गात होता. त्याला 'तिथं' अर्थाचा 'देअर' आणि 'त्यांचं' अर्थाचा 'देअर' कधी जमला नाही. आता आभार मानताना असं लिहितो की इंग्लंडहून आलाय. हे कोण बोलतंय माझ्याशी?" पूर्वी चूक सापडायची, त्यावरून माणूस सापडायचा. आता समोर नुसती गुळगुळीत भिंत. एके दिवशी म्हणाले, "आपल्या ओळखीत एकटा इम्रानच अजून स्वतः लिहितो." कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. बाकी कुणी आता स्वतः लिहीत नाही, हे खरंच आहे म्हणा. ते गेल्यावर ग्रुपवर श्रद्धांजल्यांचा ढीग पडला. एकीतही चूक नव्हती. मी त्या वाचत होते आणि माझ्या मनात येत होतं, यातलं रडलं कोण?

मग मागच्या वर्षी झटका आला. उजवं अंग कमजोर झालं, ते हळूहळू सावरलं. शब्दांचं मात्र विपरीत झालं. डॉक्टर म्हणाले, विचार शाबूत आहे, ओळख शाबूत आहे, फक्त तोंडातून शब्द निघताना एकाच्या जागी दुसरा निघतो. मी भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "खिडकी... खिडकी घाला." मी उठून खिडकी लावली. त्यांनी मान जोरजोरात हलवली. त्यांना पांघरूण पाहिजे होतं. पेपर हवा असला की 'कोंबडी' म्हणायचे, चमचा हवा असला की 'चाबी'. मला 'मॅडम' म्हणायला गेले आणि 'मंगळवार' म्हणाले. त्यांचं त्यांना ऐकू जायचं, चुकलं हे कळायचं, आणि बरोबर शब्द काही केल्या हाती लागायचा नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडातला चुकीचा शब्द वेचणारा माणूस... मला तिथं बसवलं नाही. बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

सगळे त्यांना दुरुस्त करायचे. मायेनेच करायचे. "मामू, खिडकी नहीं, चादर. बोलो, चादर." त्यांचा चेहरा लाल व्हायचा. आपण बरोबर बोलतोय आणि ही माणसं मिळून भलतंच आणून देताहेत, असंही त्यांना कधीकधी वाटायचं. "मुद्दाम," ते म्हणायचे. हा एक शब्द मात्र कधी चुकला नाही. पाणी विसरले, भाकरी विसरले, माझं नाव विसरले, 'मुद्दाम' तसाच लख्ख राहिला.

इम्रान दुरुस्त करत नसे. तो पलंगाशेजारी खाली बसायचा, सरांच्या डोळ्यांकडं बघायचा, कुठं वळतात ते बघायचा, आणि उठून नेमकी तीच वस्तू आणायचा. कोंबडी म्हटलं की पेपर. एक शब्द बोलायचा नाही. मी त्याला विचारलं, तुला कसं कळतं रे? तो लाजला. "मॅडम, माझं बी आसंच हाय ना. मी एक लिवतो, म्हणायचं दुसरं आसतं. लोक घेतातच की समजून." शाळा सुटल्यावर तो सरळ घरी यायचा, त्यांची दाढी करायचा, हाताला धरून अंगणात फिरवायचा. सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे, पण डोळ्यात तीच जुनी नजर. तपासणारी. हा हात सोडणार तर नाही ना...

माझी त्यांची शेवटची भेट झाली ती ते जायच्या थोडे दिवस आधी. दुपारची वेळ होती. इम्रान त्यांच्या पायाला तेल चोळत होता. सर माझ्याकडं बघत होते, काहीतरी सांगायची धडपड चाललेली. डाव्या हाताचं बोट त्यांनी इम्रानकडं केलं आणि एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं म्हणाले, "प्रिन्सिपल."

इम्रानचे हात थांबले. त्याने माझ्याकडं बघितलं. "मॅडम, कोणतं म्हनले?"

 कानाला दोन्ही सारखेच. मुख्याध्यापक म्हणाले की तत्त्व म्हणाले, की त्यांना तिसरंच काही म्हणायचं होतं आणि तोंडात हा शब्द आला. मी म्हणाले, "ऐकून कळत नाही रे. लिहिल्याशिवाय कळत नाही." इम्रानने मान हलवली आणि पुन्हा तेल चोळायला लागला. सर आमच्या दोघांकडं आळीपाळीने बघत होते, आपल्याबद्दल काय बोलतात हे हेरत असल्यासारखे. तोंडाचा एक कोपरा किंचित वर गेला होता. झटक्यानंतर तो तसाच वर राहायचा की त्या वेळी मुद्दाम गेला, हेही मला नक्की सांगता येणार नाही. पण माझा संशय आहे. साऱ्या इंग्रजीतून जो शब्द बोलला तर पकडता येत नाही नेमका तोच त्यांनी निवडला, चुकून नव्हे, असा माझा संशय आहे आणि तो मला सोडायचाही नाही.

परवा लातूरला काम होतं म्हणून त्यांच्या घरी गेले. खोलीत पलंग नव्हता. खिडकीतून ऊन सरळ फरशीवर पडलेलं. इम्रान शाळेतून नुकताच आला होता, पाय धुऊन माझ्यासमोर येऊन बसला. नसरीनने आतून सुशीला करून आणला, चुरमुऱ्याचा, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर, आणि गरम बशी माझ्या हातात दिली. आत जाता जाता तिला आठवलं. "अजी, मॅडम कू चाबी दिए क्या?" ती स्वयंपाकघरातून म्हणाली. इम्रान उठला, भांड्यांच्या रॅकवरून चमचा काढला, रुमालाने पुसला आणि माझ्यापुढं धरला. दोघांच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. आपण काही वेगळं बोललो, हे तिच्या ध्यानात नव्हतं, त्याच्याही नव्हतं. मी चाबी हातात घेतली आणि खायला लागले.